मुलाचे टॉन्सिल सुजलेत, अंगात कणकण आहे: पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

पावसाळा सुरू झाला की आणि मग पुन्हा दिवाळीच्या आसपास बालरोगतज्ज्ञांच्या ओपीडीत एकच वाक्य दिवसभर ऐकू येतं: "डॉक्टर, याचे टॉन्सिल वाढलेत, बारीक ताप आहे, काही खात नाही." त्यानंतर जे प्रश्न येतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. ती एक वर्षापुढच्या, एरवी धडधाकट असलेल्या मुलांसाठी आहेत. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप असेल, तर वाचत बसू नका. त्याला लगेच डॉक्टरांकडे न्या. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्या मुलांना आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असलेल्या मुलांनाही हे जसंच्या तसं लागू नाही.

टॉन्सिल म्हणजे नक्की काय? ते सुजतात कशामुळे?

तोंड उघडून "आ" केलं की पडजिभेच्या दोन्ही बाजूंना जे दोन गोळे दिसतात, ते टॉन्सिल. नाकातोंडावाटे आत येणाऱ्या जंतूंशी शरीराची पहिली गाठ इथे पडते, म्हणून ते सुजतात. साधारण चार ते सात वर्षांच्या वयात ते सगळ्यात मोठे असतात आणि पुढे वयात येताना आपोआप लहान होत जातात. त्यामुळे पाच वर्षांच्या मुलाचे टॉन्सिल मोठे दिसले, तरी तेवढ्यावरून तो आजार ठरत नाही. मूल खेळतंय, जेवतंय, शांत झोपतंय, तर मोबाइलची बॅटरी लावून रोज घशात बघायचं काही कारण नाही.

बारीक ताप म्हणजे किती? हाताला अंग गरम लागतंय, ते पुरे नाही का?

नाही. हाताने ताप असल्यासारखं वाटतं, पण किती आहे ते कळत नाही. शिवाय पोळ्या लाटता लाटता उठून आलेल्या हाताला आणि नुकत्याच भांडी घासलेल्या हाताला वेगवेगळं वाटतं. साधा डिजिटल थर्मामीटर घरात ठेवा. काखेतला घाम पुसून तो नीट आत धरा आणि बीप वाजेपर्यंत थांबा. काखेत ९९.५ च्या आत असेल तर ताप नाही. ९९.५ ते साधारण १०१ हा बारीक ताप, आपल्या भाषेत कणकण. काखेतलं माप आतल्या तापमानापेक्षा थोडं कमी येतं, पण त्यात आपल्या मनाने अंश मिळवू नका. डॉक्टरांना "काखेत १००.६, संध्याकाळी सात वाजता" एवढं सांगितलं तरी त्यांचं निम्मं काम होतं.

ताप किती आहे, यापेक्षा ताप उतरल्यावर मूल कसं आहे, हे जास्त महत्त्वाचं. १०२ ताप असलेलं मूल औषधानंतर खेळायला लागलं तर मला काळजी वाटत नाही. १०० ताप असलेलं मूल मलूल पडून असेल तर मात्र वाटते.

डॉक्टर म्हणाले "व्हायरल आहे" आणि अँटिबायोटिक दिलंच नाही. मग हे बरं कसं होणार?

आपोआप. मुलांच्या घसादुखीचं कारण बहुतेक वेळा विषाणू असतात, आणि त्यांच्यावर अँटिबायोटिकचा काहीही परिणाम होत नाही. ताप दोन-तीन दिवसांत जातो आणि घसा आठवड्याभरात सुटतो. या काळात औषधाचं काम दुखणं कमी करणं एवढंच, म्हणजे मूल पाणी पितं, झोपतं आणि बाकीचं शरीर सांभाळतं.

रिकाम्या हाताने पाठवलं असं पालकांना वाटतं, ते मी समजू शकतो. दवाखान्यात जायचं, फी द्यायची आणि चिठ्ठीवर फक्त पॅरासिटामॉल! पण ज्या डॉक्टरांनी घसा बघितला, मान चाचपली, कान तपासले आणि मग "अँटिबायोटिक नको" म्हटलं, त्यांनी चिठ्ठी भरून औषधं लिहिणाऱ्यापेक्षा जास्त काम केलेलं असतं.

मग अँटिबायोटिक लागतं तरी कधी? ते ओळखायचं कसं?

घसादुखीच्या जंतूंपैकी एकाकडे नीट लक्ष द्यावं लागतं: 'अ' गटातला स्ट्रेप्टोकोकस. मुलांच्या घसादुखीत त्याचा वाटा साधारण पाचातून एक, फार तर तिघांतून एक. शाळेत जाणारी, पाच ते पंधरा वर्षांची मुलं त्याच्या तावडीत जास्त सापडतात. तीन वर्षांच्या आत तो क्वचितच असतो.

मुलाला नाक वाहणं, खोकला, आवाज बसणं, डोळे लाल होणं, जुलाब यांतलं काही असेल, तर पारडं विषाणूकडे झुकतं. उलट, सकाळी ठीक असलेल्या मुलाचा घसा दुपारी एकदम धरला, ताप १००.४ च्या वर गेला, खोकला-सर्दी अजिबात नाही, जबड्याखालच्या गाठी दाबल्यावर दुखतात आणि टॉन्सिलवर पांढरट थर दिसतो, असं असेल तर स्ट्रेप्टोकोकसचा संशय येतो. लहान मुलं कधीकधी घशाबद्दल बोलतच नाहीत. "पोटात दुखतंय", "डोकं दुखतंय" म्हणतात आणि उलटी करतात. अंगावर बारीक, खरखरीत, वाळूच्या कागदासारखं पुरळ आलं असेल तर तो स्कार्लेट फीव्हर असू शकतो. त्याच्या मुळाशीही हाच जंतू असतो.

एवढं बघूनही खात्रीने सांगता येत नाही. अनुभवी डॉक्टरांचाही नुसत्या नजरेने केलेला अंदाज चुकतो. खात्री करायची तर घशातला स्राव कापसाच्या काडीवर घेऊन तपासावा लागतो. रॅपिड टेस्टचं उत्तर काही मिनिटांत येतं, कल्चरला, म्हणजे स्रावातले जंतू वाढवून बघायला, एक-दोन दिवस लागतात. आपल्याकडे तालुक्याच्या गावी रॅपिड टेस्ट मिळतेच असं नाही, म्हणून डॉक्टर लक्षणांची गोळाबेरीज करून ठरवतात. कधी "दोन दिवस बघू" असंही म्हणतात. असं थांबण्यात हयगय नसते. त्याचं कारण हृदयाच्या प्रश्नात खाली आलं आहे.

घशात पांढरे ठिपके दिसताहेत. म्हणजे पू झाला ना?

असेलच असं नाही. अ‍ॅडिनोव्हायरससारख्या विषाणूंमुळेही टॉन्सिलवर पांढरे डाग येतात. मोठ्या मुलांमध्ये ग्रंथिज्वर नावाचा एक विषाणूजन्य आजार होतो. त्यात जाड पांढरा थर, मानेत दोन्ही बाजूंना गाठी आणि लांबलेला थकवा असतो. अशा मुलाला अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक दिलं की पुष्कळदा अंगभर पुरळ उठतं आणि घरचे "पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी" अशी नोंद जन्मभर बाळगतात. कधी ठिपके टॉन्सिलच्या खाचेत अडकलेल्या अन्नाचे असतात. ताप नाही, दुखत नाही, पण तोंडाला वास येतो, असं असेल तर भरपूर पाणी आणि गुळण्या पुरतात.

एक थर मात्र वेगळा असतो: राखाडी, चिवट, पुसायला गेलं तर रक्त येणारा, आणि त्यासोबत मान सुजलेली. तो घटसर्प असू शकतो. घटसर्प भारतातून अजून गेलेला नाही. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसी झाल्या, पण दीड वर्षाचा आणि पाच वर्षांचा बूस्टर राहून गेला, अशी मुलं बरीच असतात. लसीकरणाचं कार्ड काढून एकदा बघा.

पॅरासिटामॉल किती द्यायचं? बाटलीवर काहीच नीट लिहिलेलं नसतं.

डोस वयावर नाही, वजनावर ठरतो. एका वेळी किलोमागे १५ मिलिग्रॅम. दोन डोसांत किमान चार तास, शक्यतो सहा तास अंतर, आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त डोस नाहीत.

चूक होते ती बाटलीत. एकाच औषधाची सिरपं वेगवेगळ्या ताकदीची मिळतात: पाच मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम, आणि पाच मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम. बाळांचे ड्रॉप्स तर त्याहून कडक, एकाच मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम. समजा मुलाचं वजन १२ किलो आहे. त्याला एका वेळी १८० मिलिग्रॅम लागतं. १२० च्या सिरपचे ते साडेसात मिलिलिटर होतात, २५० च्या सिरपचे ३.६ मिलिलिटर आणि ड्रॉप्सचे १.८ मिलिलिटर. मागच्या वेळी १२० ची बाटली होती, या वेळी २५० ची आणली आणि सवयीने साडेसात मिलिलिटर पाजलं, की डोस दुपटीच्या वर जातो. तो एकदा गेल्याने बहुतेक वेळा काही होत नाही, पण दर सहा तासांनी दोन दिवस तसाच गेला तर यकृताला इजा होऊ शकते.

म्हणून डॉक्टरांकडून डोस मिलिग्रॅममध्ये लिहून घ्या आणि घरी बाटलीवर मार्करने मिलिलिटर लिहून ठेवा. मापासाठी सोबतचं झाकण किंवा सुई नसलेली सिरिंज वापरा. "एक चमचा" हे माप नव्हे. आमटीचा, चहाचा आणि बाटलीसोबतचा चमचा, तिन्हींत वेगवेगळं औषध मावतं. आणखी एक म्हणजे, सर्दीच्या बऱ्याच सिरपमध्ये पॅरासिटामॉल आधीच असतं. दोन्ही एकत्र दिली की डोस नकळत दुप्पट होतो.

ताप ९९.८ आहे, मूल टीव्हीसमोर बसून हसतंय, तर औषध देऊच नका. झोपलेल्या मुलाला फक्त ताप मोजायला किंवा डोसची वेळ झाली म्हणून उठवू नका. घसा दुखून गिळता येत नसेल, तर मात्र ताप नसतानाही पॅरासिटामॉल द्यायला हरकत नाही. ते वेदनेचंही औषध आहे. जेवणाच्या अर्धा तास आधी दिलं तर चार घास पोटात जातात.

पॅरासिटामॉलने ताप उतरत नाही. आयबुप्रोफेन किंवा "दुसरं कडक औषध" देऊ का?

आयबुप्रोफेन सहा महिन्यांवरच्या मुलांना चालतं, घशाच्या दुखण्याला चांगलंही आहे. पण डॉक्टरांना विचारूनच द्या. पावसाळ्यात डेंग्यूची शक्यता असते आणि डेंग्यूत ते देऊ नये. कांजिण्या आल्या असतील, उलट्या-जुलाबांनी मूल सुकलं असेल, तरी नको. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन एकत्र असलेली सिरपं दुकानात सर्रास मिळतात. बारीक तापाला त्यांची गरज नाही.

मेफेनॅमिक अ‍ॅसिडचं सिरप आपल्याकडे फार चालतं, कारण त्याने ताप झटकन उतरतो. पण या औषधामुळे क्वचित होणाऱ्या गंभीर अ‍ॅलर्जीबद्दल भारतीय औषधसंहिता आयोगाने २०२३ च्या अखेरीस इशारा दिला होता. मनाने घेण्यासारखं ते औषध नाही. नायमेसुलाइड या तापाच्या औषधाला १२ वर्षांखालच्या मुलांसाठी भारतात २०११ पासून बंदी आहे. घरात जुनी पट्टी असेल तर टाकून द्या. अ‍ॅस्पिरिन मुलांना तापासाठी कधीच देऊ नये.

कपाळावर पट्ट्या ठेवाव्यात का? मिठाच्या पाण्याच्या?

मुलाला बरं वाटत असेल तर ठेवा, पण साध्या कोमट पाण्याच्या. मिठाने काही वेगळं होत नाही. बर्फाच्या पाण्याने मूल कुडकुडतं आणि आतला ताप उलट वाढतो. आजीच्या पेटीतलं कोलन वॉटर, स्पिरिट किंवा व्हिनेगर अंगाला लावू नका. आणि ताप असताना स्वेटर, कानटोपी, वर दुलई असा जामानिमा नको. सुती कपडे घाला, पंखा हळू चालू ठेवा.

खोकल्याचं सिरप घरात आहे. घसा मोकळा व्हायला देऊ?

नको. टॉन्सिलच्या सुजेवर त्याचा उपयोगच नाही. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा लेबलवर छापायला केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलं. तरी ती बाटली घरोघरी आहे. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याला खोकल्याच्या भेसळयुक्त सिरपमुळे मूत्रपिंडं निकामी होऊन लहान मुलं दगावली. त्यातल्या बऱ्याच मुलांना उपचारांसाठी नागपूरला आणलं होतं. सिरपात डायइथिलीन ग्लायकॉल हे विष सापडलं. त्या मुलांचं दुखणं सुरुवातीला साधा सर्दी-ताप एवढंच होतं.

घरगुती उपायांचं काय? गुळण्या, हळद-दूध, मध?

मिठाच्या गुळण्या चांगल्या. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा छोटा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा. पण ज्या मुलाला गुळणी करून थुंकता येते त्यालाच, म्हणजे साधारण सहा वर्षांपुढे. त्याहून लहान मूल ते पाणी गिळतं किंवा त्याला ठसका लागतो.

मध एक वर्षाच्या आत अजिबात नको, चाटणातसुद्धा नाही. बाळाच्या आतड्यात बोट्युलिझमचे (स्नायू लुळे पाडणाऱ्या आजाराचे) जंतू वाढण्याचा धोका असतो. एक वर्षापुढे अर्धा-एक चमचा मध घशाला खरोखर आराम देतो. हळद-दूध आवडत असेल तर द्या. गरम दूध घशाला बरं वाटतं आणि पोटातही काही जातं. हळदीने जंतू मरतील अशी आशा ठेवू नका. आल्याचा रस, मिरपूड, लवंग हे मोठ्यांचे प्रकार, मुलाच्या सोललेल्या घशाला झोंबतात.

वाफेबद्दल मी जरा कडक बोलतो. ती टॉन्सिलवर काम करत नाही, आणि उकळत्या पाण्याचं पातेलं उलटून भाजलेली मुलं दवाखान्यात येतात. चुना-हळदीचा लेप मानेला लावायची पद्धत अजून बऱ्याच घरांत आहे. चुन्याने मुलाची कातडी भाजते. मीठ किंवा राख लावलेल्या बोटाने "पडजीभ उचलणं" तर कुणालाच करू देऊ नका. त्याने जखम होते, रक्त येतं, आणि मूल इतकं घाबरतं की पुढे डॉक्टरांनाही तोंड उघडून दाखवत नाही.

काहीच खात नाही. काय द्यावं?

दोन दिवस कमी खाल्लं तर काही बिघडत नाही. पाणी पोटात गेलं पाहिजे. दर अर्ध्या तासाने दोन-चार घोट, चमच्याने, स्ट्रॉने, बाहुलीच्या कपातून, कसंही. लघवी नेहमीसारखी होतेय ना, त्यावर लक्ष ठेवा.

खायला गुरगुट्या भात, वर पातळ वरण आणि साजूक तूप, तांदळाची पेज, नाचणीचं सत्त्व, साबुदाण्याची खीर, मऊ उपमा, कुस्करलेलं केळं. दही-ताक चालतं. "कफ होतो" म्हणून बंद करू नका, फक्त आंबट नको. चिवडा, टोस्ट, चकली, खाकरा घशाला टोचतात. लिंबू-संत्र्याचा रस चरचरतो. शहाळं उत्तम.

आइस्क्रीम खाल्ल्यामुळेच हे झालं, असं सासूबाई म्हणतात.

हा वाद मिटवणं डॉक्टरांच्या आवाक्याबाहेरचं आहे, तरी सांगतो. टॉन्सिलचा दाह जंतूंमुळे होतो आणि जंतू दुसऱ्या माणसाच्या खोकल्या-शिंकांतून, उष्ट्या बाटलीतून येतात. थंडपणाने ते तयार होत नाहीत. उलट सुजलेल्या घशाला थंड पदार्थाने बधिरपणा येऊन दुखणं कमी होतं. काहीच न खाणाऱ्या मुलाने वाटीभर व्हॅनिला आइस्क्रीम खाल्लं, तर साखर आणि पाणी दोन्ही पोटात जातं. सासूबाईंच्या बोलण्यात खरं आहे ते एवढंच: गाडीवरच्या बर्फाच्या गोळ्याचं पाणी कुठलं, हे कुणालाच माहीत नसतं. तो नकोच.

डॉक्टरांनी अमॉक्सिसिलिन दहा दिवस लिहिलंय. दोन दिवसांत मूल ठणठणीत झालं. बंद करू?

नाही. स्ट्रेप्टोकोकसचा ताप औषधाशिवायही तीन-चार दिवसांत उतरतो. बरं वाटलं म्हणजे जंतू गेला असं नाही. दहा दिवसांचा कोर्स घशातून तो पूर्ण काढण्यासाठी असतो, कारण त्याचा खरा त्रास घशात होत नाही, तो पुढे हृदयाला होऊ शकतो.

आणि इथे एक अगदी साधी गडबड होते. अमॉक्सिसिलिनचं कोरडं सिरप ३० किंवा ६० मिलिलिटरच्या बाटलीत येतं. १५ किलोच्या मुलाला दिवसाला ७५० मिलिग्रॅम लागतं, म्हणजे २५० च्या ताकदीचं १५ मिलिलिटर. ६० मिलिलिटरची बाटली चार दिवसांत संपते. घरचे समजतात, बाटली संपली म्हणजे कोर्स संपला. दहा दिवसांना १५० मिलिलिटर लागतं, तेव्हा औषध घेतानाच हिशेब करा. पाणी घातल्यावर बाटली लेबलवर दिलेल्या दिवसांपुरतीच टिकते, बहुधा सात. म्हणून सगळ्या बाटल्यांत एकदम पाणी घालू नका. पाणी उकळून गार केलेलं, खुणेपर्यंत, आणि दर वेळी बाटली हलवून. त्यापेक्षा पाण्यात विरघळणाऱ्या २५० च्या गोळ्या सोप्या पडतात.

औषधानंतर पुरळ, तोंडावर सूज किंवा धाप लागली तर औषध थांबवा आणि लगेच दाखवा. नुसते दोन-तीन पातळ जुलाब झाले तर बंद न करता फोन करून विचारा.

मेडिकलवाले म्हणाले, तीन दिवसांचं अझिथ्रोमायसिन पुरे. ते घेतलं तर?

तीन दिवसांत संपतं म्हणून ते लोकप्रिय आहे, बाकी कशासाठी नाही. घशाच्या स्ट्रेप्टोकोकसला पहिलं औषध पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन. इतकी दशकं वापरूनही हा जंतू पेनिसिलिनपुढे टिकत नाही. अझिथ्रोमायसिनला मात्र तो दाद न देण्याची उदाहरणं वाढताहेत. पेनिसिलिनची खरी अ‍ॅलर्जी असेल तरच ते घ्यायचं, आणि तेही पाच दिवस, वजनाप्रमाणे. सेफिक्झिमसारखी औषधं या दुखण्याला गरजेपेक्षा मोठी आहेत. पट्टीवर लाल उभी रेघ आहे, म्हणजे ते चिठ्ठीशिवाय मिळायलाच नको. मोठ्या भावाच्या मागच्या कोर्समधली उरलेली बाटली हासुद्धा त्याच जातीचा उपाय आहे.

घशाच्या दुखण्याने हृदय बिघडतं म्हणतात. खरंय?

विषाणूच्या घसादुखीने नाही. स्ट्रेप्टोकोकसची घसादुखी उपचाराविना गेली, तर काही थोड्या मुलांना दोन-चार आठवड्यांनी संधिवाताचा ताप येतो. गुडघा सुजतो, तो उतरला की घोटा, मग कोपर. जंतूशी लढणारी शरीराची यंत्रणा सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर उलटते. सांधे बरे होतात, पण झडपा बिघडल्या तर बिघडलेल्याच राहतात. श्रीमंत देशांत हा आजार जवळपास विसरला गेला. आपल्याकडे अजूनही तिशीतल्या बायका बाळंतपणात धाप लागून येतात, आणि मग लहानपणी कधीतरी हे होऊन गेल्याचं लक्षात येतं. एकाच खोलीत दाटीने राहणाऱ्या घरांत त्याचं प्रमाण जास्त.

दिलासा असा, की घसा दुखायला लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत योग्य अँटिबायोटिक सुरू झालं तरी हा धोका टळतो. म्हणूनच कल्चरसाठी दोन दिवस थांबणं सुरक्षित आहे. घसा बरा झाल्यावर सांधे सुजले, छातीत धडधड, धाप किंवा हातापायांच्या विचित्र हालचाली दिसल्या, तर मागच्या घसादुखीचा उल्लेख करून दाखवा. एक ते तीन आठवड्यांत चेहरा सुजला आणि लघवी काळ्या चहासारखी झाली तरी तेच. तो मूत्रपिंडाचा त्रास असतो.

एएसओ टायटर वाढलेला आलाय. दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन घ्यायला सांगितलंय.

दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. ही रक्तचाचणी एवढंच सांगते, की गेल्या काही आठवड्या-महिन्यांत कधीतरी स्ट्रेप्टोकोकस येऊन गेला. शाळेत जाणाऱ्या धडधाकट मुलांतही आकडा वाढलेला असतो. आज दुखणारा घसा कशाने दुखतोय, हे त्यावरून कळत नाही, आणि नुसत्या आकड्यावर उपचार करायचे नसतात. शिवाय दर शंभरातली दहा-बारा शाळकरी मुलं हा जंतू घशात बाळगून अगदी मजेत फिरतात. पेनिसिलिनची लांब पल्ल्याची इंजेक्शनं ज्याला खरोखर संधिवाताचा ताप येऊन गेला आहे त्याच्यासाठी असतात. त्याने मात्र ती कधीच चुकवू नयेत.

शाळेत कधी पाठवू?

विषाणूचा आजार असेल तर औषधाशिवाय २४ तास ताप नसला आणि मूल खेळायला लागलं की. अँटिबायोटिक चालू असेल तर पहिल्या डोसनंतर पूर्ण एक दिवस घरी. परीक्षा असली तरी. पाण्याची बाटली वेगळी, आणि ती रोज घासायची.

रात्री कधी उठून निघायचं आणि कधी सकाळची वाट बघायची?

थुंकीसुद्धा गिळता येत नाही आणि लाळ बाहेर गळतेय, तर लगेच निघा. श्वास आत घेताना घर्र आवाज, छाती आत ओढली जाणं, मूल पुढे वाकून बसून राहणं, हेही तसंच. अशा मुलाच्या घशात चमचा घालून बघू नका आणि बळजबरीने आडवं करू नका. तोंड पूर्ण उघडत नाही, आवाज तोंडात काहीतरी धरून बोलल्यासारखा येतो आणि एकाच बाजूचा टॉन्सिल फुगून पडजीभ दुसरीकडे ढकलली गेलीय, तर तिथे गळू असण्याची शक्यता असते. मान ताठ, जांभळे ठिपके, आठ तास लघवी नाही, उठवूनही नीट जागं न होणं, यांपैकी काहीही असलं तरी थांबू नका.

तापात झटका आला तर मुलाला कुशीवर वळवा, वेळ बघा, तोंडात काही घालू नका. नाकाशी कांदा नाही, चप्पल नाही. पाच मिनिटांत थांबला नाही तर रुग्णवाहिकेसाठी १०८. थांबला तरी त्याच दिवशी दाखवा.

ताप तीन दिवसांच्या पुढे गेला तर सकाळी दाखवा, घसा लाल असला तरी. पावसाळ्यात घसा थोडा लाल आणि खरा आजार डेंग्यू, असं होतं. तोंडात फोड आणि तळहात-तळपायांवर पुरळ असेल तर हातपायतोंडाचा आजार असतो. त्यालाही अँटिबायोटिक लागत नाही. ताप पाच दिवस टिकला आणि डोळे, ओठ, जीभ लालभडक झाली, तर कावासाकी आजाराचा विचार करावा लागतो. त्यात हृदयाच्या रक्तवाहिन्यांना धोका असतो.

वर्षातून चार-पाच वेळा होतं. काढून टाकायचे का टॉन्सिल?

बहुतेक वेळा नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञ साधारण असा हिशेब धरतात: एका वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षं दर वर्षी पाच वेळा, किंवा सलग तीन वर्षं दर वर्षी तीन वेळा. तेही खरे दाह, ज्यात ताप, मानेच्या दुखऱ्या गाठी, टॉन्सिलवरचा थर किंवा पॉझिटिव्ह तपासणी यांची नोंद आहे. सर्दीबरोबर घसा खवखवला, ते यात मोजत नाहीत. म्हणून वहीत तारीख, ताप आणि औषध लिहून ठेवा. "सारखं होतं" म्हणणारे बरेच पालक वही ठेवल्यावर म्हणतात, अरे, तीनदाच झालं होतं. आणि यातली पुष्कळ मुलं एक-दोन वर्षांत आपोआप यातून बाहेर पडतात.

दुसरं कारण मात्र पालक सांगतच नाहीत, विचारावं लागतं. मूल रात्री घोरतं का? श्वास मध्येच थांबतो आणि मग दचकून हबका मारून सुरू होतो का? तोंड उघडं टाकून, मान मागे टाकून झोपतं, घामाने उशी भिजते, सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं, दिवसा चिडचिड करतं? टॉन्सिल आणि नाकामागच्या अ‍ॅडिनॉइड नावाच्या गाठी मिळून वाट अडवत असतील, तर एकदाही ताप आला नसला तरी शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. झोपेतला एक मिनिटाचा व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा. त्यावरून बरंच कळतं.

काढले तर प्रतिकारशक्ती जाणार नाही का?

नाही, जाणवण्याइतकी नाही. तेच काम करणाऱ्या गाठी घशात आणि मानेत भरपूर असतात. धोका असतो तो रक्तस्रावाचा. तो एकतर पहिल्या २४ तासांत होतो, नाहीतर पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान, जखमेवरची पांढरी खपली सुटताना. तोवर मूल घरी आलेलं असतं, खेळत असतं, सगळे निर्धास्त असतात. ती पांढरी खपली म्हणजे पू नव्हे, तिला हात लावू नका. दोन आठवडे मुलाला घेऊन लांबच्या गावी जाऊ नका. थुंकीत ताजं लाल रक्त दिसलं किंवा मूल सारखं काहीतरी गिळत राहिलं, तर थोडं असलं तरी ज्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली तिथे लगेच न्या.